समुद्राशीं सलगी

तेल्हाऱ्याच्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें, हें वाचकांस थोडें विपरीत वाटेल. आमच्या तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें, आणि मध्यें कापसाची काळी जमीन. समुद्र येथून चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्याकडे खारट म्हणून जें कांहीं आहे तें खारपाणपट्ट्यांतील विहिरींचें पाणी; त्यास लाट नाहीं, आणि भरती-ओहोटीही नाहीं. सातपुड्यांतून उतरणारी वान नदी पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस मिळते, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्रास मिळते, एवढाच काय तो आमचा आणि रत्नाकराचा संबंध. आणि तो आम्ही भूगोलाच्या तासाला मुलांकडून पाठ करून घेत असूं.

परंतु हा संबंध आतां इतका दूरचा राहिलेला नाहीं. पूर्वीं वऱ्हाडांतील कुटुंब प्रवासास निघालें म्हणजे काशी, पंढरपूर, माहूर अशा क्षेत्रांस जाई. आतां दिवाळीची सुटी लागली कीं घरोघरचीं माणसें अलिबाग, दापोली, गणपतीपुळें, नाहीं तर गोवा यांची वाट धरतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. गैर आहे तें एवढेंच कीं, ज्या पाण्याशीं आपला जन्मांत परिचय नाहीं त्याच्याशीं आपण पहिल्याच दिवशीं सलगी करावयास जातों. बाजारांतून नवा बैल आणला तर त्याच्या पाठीवर हात टाकण्यापूर्वीं शहाणा शेतकरी चार दिवस त्याचा स्वभाव पाहतो. समुद्राच्या बाबतींत मात्र मोटारींतून उतरल्याबरोबर चपला पुळणीवर आणि आपण पाण्यांत, असा प्रकार घडतो.

आमच्या हाताखालीं शिकून गेलेला एक विद्यार्थी असाच गेला. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण त्याच्या घरचीं माणसें गांवांतच आहेत. पोहण्यांत तो साऱ्या वर्गांत अग्रेसर होता. विहिरीच्या थारोळ्यावरून सूर मारावा आणि तळाचा दगड वर आणून दाखवावा, हा त्याचा नित्याचा खेळ. एकदां पुरांत वाहून चाललेलें वासरूं त्यानें एकट्यानें कांठाला लावलें होतें. लग्नानंतर दुसऱ्या वर्षीं मित्रांबरोबर तो कोकणांत गेला. कंबरभर पाण्यांत उभा होता तो पाहतां पाहतां आंत ओढला गेला, आणि कांठावर उभ्या असलेल्या मित्रांच्या डोळ्यांदेखत बुडाला. पुढें कित्येक वर्षें त्याची आई देवळांत भेटली कीं आम्हांस एकच प्रश्न विचारी : "गुरुजी, माह्या लेकराले त पव्हता येत होतं नं, मंग थो बुडला कसा?"

आमच्यापाशीं त्याचें उत्तर नव्हतें. गांवांत लोक म्हणत कीं त्याचें आयुष्यच तेवढें होतें. त्या माउलीला असल्या बोलण्यानें समाधान होत नसे, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही होत नसे.

पुढें दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या समुद्रांत पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडून गेल्याची भयंकर वार्ता आली. त्या दिवशीं आम्हीं सहज पंचांग पाहिलें. पौष वद्य अष्टमी. उधाण असतें तें अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास. अष्टमीला समुद्राची भरती-ओहोटी उलट मंद असते, आणि तिला किनाऱ्यावरचे लोक भांगाची भरती म्हणतात. वादळ नाहीं, पावसाळा नाहीं, उधाण नाहीं, आणि तरी चौदा तरुण जीव गेले. तेव्हां समुद्राचें भय त्याच्या गर्जनेंतच असतें असें नाहीं, इतकें तर स्पष्ट झालें. मग तें असतें तरी कशांत?

या प्रश्नाचा उलगडा आम्हांस झाला तो अगदीं अनपेक्षित रीतीनें, आणि त्यास कारण आमचा थोरला नातू. तो पणजीस नोकरीस आहे. आमचें घर अद्याप एकत्र आहे. दोघे मुलगे, सुना व नातवंडें मिळून अकरा पानें पंक्तीस बसतात. एका रविवारीं दुपारीं त्याचा फोन आला कीं, "आजोबा, मी सर्फिंग शिकायचं म्हणतोय. तुम्ही हो म्हटलंत तरच जाईन."

सर्फिंग म्हणजे काय हें ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. एका लांब फळीवर पालथें पडून समुद्रांत जावयाचें, मनाजोगती लाट येईपर्यंत थांबावयाचें, आणि ती आली कीं हातांनीं पाणी मारीत तिच्याबरोबर वेग घेऊन फळीवर उभें राहावयाचें व तिच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरत यावयाचें, असा हा खेळ. त्याचें मूळ स्थान पॅसिफिक महासागरांतील बेटें. कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरींतील अधिकारी जेम्स किंग यांनीं हवाई बेटांवरील लोकांच्या या क्रीडेचें वर्णन १७७९ सालीं लिहून ठेवलें आहे. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, म्हणजे २०२१ सालीं, या खेळास प्रथमच स्थान मिळालें. आपल्या देशांत मंगळूरजवळील मुल्की येथें २००४ च्या सुमारास निघालेला मंत्र सर्फ क्लब हा या खेळाचा पहिला क्लब म्हणून गणला जातो. आणि आतां तमिळनाडू, केरळ, गोवा अशा ठिकाणीं तो शिकविणाऱ्या शाळा आहेत.

ही सारी माहिती धाकट्या मुलानें घरांतल्यांस सांगितली, परंतु तिचा उपयोग झाला नाहीं. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "पोहायला जाणं वेगळं आणि लाटेच्या पाठीवर बसायला जाणं वेगळं. मामंजी, तुम्ही नाहीच म्हणून सांगा." त्यांच्या मनांत कोणाची आठवण होती हें आम्हांस कळत होतें; तो विद्यार्थी त्यांच्या माहेरच्या शेजारचाच. शेवटीं सौभाग्यवती म्हणाली, "इथं बसून हो म्हणण्यात अर्थ नाही आणि नाही म्हणण्यातही नाही. तुम्ही स्वतः जाऊन पाहून या." हा निवाडा सर्वांस मान्य झाला. आम्ही शेगांवास गाडींत बसलों, मुंबईस गाडी बदलली, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं पेडणें तालुक्यांतील आश्वें येथील पुळणीवर नातवाबरोबर हजर झालों.

शिकविणारा तरुण तेथल्याच एका कोळ्याचा मुलगा. वय पंचविशीचें, अंग उन्हानें रापलेलें, बोलणें अत्यंत मोजकें. आमची समजूत अशी कीं फळी दिली कीं तो मुलांस पाण्यांत नेईल. तसें झालें नाहीं. त्यानें सहाही शिकाऱ्यांस पुळणीवर बसविलें आणि सांगितलें कीं वीस मिनिटें कोणीं बोलूं नये, फक्त पाण्याकडे पाहावें. चाळीस वर्षें वर्गावर काढलेल्या माणसास ही शिकविण्याची रीत एकदम आवडली. आम्हीही बसलों.

वीस मिनिटांनीं त्यानें एकेकास विचारलें कीं काय दिसलें. नातू म्हणाला, लाटा दिसल्या. तरुण हंसला आणि मग त्यानें जें सांगितलें तें आम्ही आमच्या भाषेंत येथें देतों.

लाट म्हणजे चालून येणारें पाणी, असें आपल्याला दिसतें. पण तसें तें नसतें. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला म्हणजे शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत लाट जाते, परंतु ताटें जागच्या जागींच असतात. समुद्रांतही तसेंच. दूर कोठें तरी वाऱ्यानें पाण्यास दिलेला धक्का पुढें पुढें सरकत येतो. पाणी बव्हंशीं जागच्या जागीं वर-खालीं होतें. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला कीं लाटेचा पाय अडतो आणि डोकें पुढें जातें. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली म्हणजे ती फुटते, आणि मग मात्र पाणी खरोखर पुढें धांवतें. अमरकोशांत लाटेच्या नांवांत 'भंग' हा एक शब्द आहे. विद्यार्थिदशेंत आम्हीं तो इतर नांवांबरोबर घोकला होता. त्याचा अर्थ डोळ्यांनीं पाहिला तो आश्व्यास.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. फुटलेल्या लाटांचें पाणी किनाऱ्याकडे येत राहतें. तें परत कोठून जाणार? पावसाळ्यांत शेतांत पाणी साचलें म्हणजे तें साऱ्या बांधावरून जात नाहीं. जेथें बांध खालचा असेल त्या एका जागीं फोडून जोरानें निघतें. समुद्राच्या तळाशीं वाळूचे असेच बांध असतात. त्यांतील एखाद्या खळग्यांतून हें सारें पाणी एकवटून परत आंत जातें. तेथें पाणी खोल असल्यामुळें लाट फुटत नाहीं, फेस दिसत नाहीं, रंग थोडा काळसर दिसतो. दोहों बाजूंस लाटा फुटत असतांना मध्येंच एक शांत पट्टा! आमच्यासारख्या नवख्यास वाटावें कीं मुलांस खेळावयास हीच जागा बरी. आणि तीच जागा जीव घेणारी. त्या तरुणानें बोटानें दाखविली तेव्हां आम्हांस ती दिसली. तोंपर्यंत वीस मिनिटें आम्ही तिच्याकडेच कौतुकानें पाहत होतों.

या उलट्या ओढीचा वेग सामान्यतः सेकंदास अर्धा मीटर इतका असतो. परंतु जोर चढला म्हणजे तो दोन मीटरांपर्यंत, कधीं त्याहूनही पुढें जातो. आतां मनुष्याचा वेग पाहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें चीनच्या पान झानले यानें शंभर मीटर अंतर ४६.४० सेकंदांत कापून जगांतील उच्चांक केला. म्हणजे सेकंदाला दोन मीटरांहून थोडें अधिक; आणि तेंही शांत तलावांत, फक्त शंभर मीटर. जगांतल्या सर्वांत वेगवान पोहणाऱ्याची ही गत, तर विहिरींत पोहणें शिकलेल्या आमच्या मुलांनीं त्या ओढीच्या उलट किती वेळ हात मारावे? दोन मिनिटें, तीन मिनिटें. मग दम संपतो, नाकातोंडांत पाणी जातें, आणि माणूस बुडतो. ओढ कोणास खालीं नेत नाहीं. ती फक्त दूर नेते. माणूस बुडतो तो तिच्याशीं झगडून थकल्यामुळें.

हें ऐकतांना आमच्या मनांत त्या माउलीचा प्रश्न उभा राहिला. ज्याला पोहतां येत नाहीं तो भिऊन गुडघाभर पाण्यांतच थांबतो. ज्याला उत्तम पोहतां येतें तो आपल्या बाहुबलावर विसंबून सरळ किनाऱ्याच्या रोखानें हात मारतो, कारण किनारा तर समोर दिसत असतो. विहिरींत आणि नदीच्या डोहांत त्याला हेंच शिकविलेलें असतें.

मग करावें काय? त्या तरुणानें तीन गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येक शिकाऱ्याकडून त्या तीनदां म्हणवून घेतल्या. पहिली, पाठीवर पडून तरंगावें आणि श्वास सांभाळावा. ओढ नेईल तिकडे जावें. दुसरी, एक हात उंच करून मदत मागावी. तिसरी, अंगांत शक्ति असेल तर किनाऱ्याकडे नव्हे, तर किनाऱ्याला समांतर, आडवें पोहावें. ओढीचा पट्टा रुंदीनें फार नसतो. त्याच्या बाहेर पडलें कीं जेथें लाटा फुटत आहेत त्या बाजूनें तिरपें किनाऱ्याकडे यावें. जी फेसाळ लाट पाहून भय वाटतें तीच त्या वेळीं माणसास घरीं आणते.

रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूच्या दिग्विजयाचें वर्णन आहे. न लवणाऱ्यांस नदीच्या लोंढ्याप्रमाणें उपटून टाकणाऱ्या त्या राजापुढें सुह्म देशच्या लोकांनीं वेताची वृत्ति धरून आपला बचाव केला, असें कालिदासानें म्हटलें आहे. हा श्लोक आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. मुलें हमखास विचारीत, "गुरुजी, म्हणजे ते भित्रे होते का?" आम्ही सांगत असूं कीं भित्रेपणा आणि विवेक यांत अंतर आहे. तें अंतर किती आहे हें दाखविण्यास समुद्राएवढा चांगला दाखला दुसरा नाहीं.

एवढें झाल्यावर मग फळी हातीं आली. नवशिक्याची फळी आठ-नऊ फूट लांब व मऊ स्पंजासारख्या पदार्थाची असते, म्हणजे डोक्यावर आपटली तरी इजा कमी. तिची दोरी मागच्या पायाच्या घोट्यास बांधतात, म्हणजे पडलेला माणूस फळीपासून तुटत नाहीं आणि सुटलेली फळी दुसऱ्याच्या अंगावर जात नाहीं. प्रथम सारी कसरत वाळूवर झाली. पालथें पडावें, फळीचें टोंक किंचित् वर राहील असें. तें बुडालें तर फळी उलटते. तळहात बरगड्यांजवळ टेकून एका झटक्यांत उठावें, पाय फळीवर आडवे, गुडघे लवलेले, आणि दृष्टि समोर. पायांकडे पाहिलें कीं पडलाच. सायकल शिकणाऱ्या मुलास आपण जें सांगतों तेंच येथें.

नंतर कंबरभर पाण्यांत, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर अभ्यास. न फुटलेल्या मोठ्या लाटेकडे पहिले कित्येक दिवस जावयाचेंच नाहीं. आणि पडावें कसें, हें उभें राहण्याच्या आधीं शिकविलें. हें आम्हांस विशेष वाटलें. डोक्यावर सूर मारून कधीं पडूं नये, कारण खालीं वाळू किती हातांवर आहे हें दिसत नाहीं आणि मान मोडण्याचा संभव असतो. अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर पडावें. वर येतांना दोन्ही हात डोक्यावर धरावे, कारण फळी वरच असते. फळी आपल्या आणि लाटेच्या मध्यें धरूं नये, नाहीं तर लाट ती छातीवर आदळते. ती कडेला धरावी. एका लाटेवर एकच माणूस. जो फुटणाऱ्या टोंकाच्या सर्वांत जवळ असेल त्याचा हक्क पहिला, इतरांनीं सोडून द्यावी. आणि एकट्यानें कधींही जाऊं नये.

नातू पहिल्या दिवशीं एकवीस वेळां पडला, आम्हीं मोजलें. दुसऱ्या दिवशीं एकदां सात-आठ सेकंद उभा राहिला. तोंडावर असा कांहीं आनंद होता कीं मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशींही मुलांच्या तोंडावर आम्हीं तो क्वचित् पाहिला आहे. तो तरुण आमच्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, लाट आपण पकडत नाही. ती आपल्याला घेते. आपण फक्त वेळेवर तिथं असायचं." आम्हीं त्यास विचारलें कीं तुझा बाप समुद्रावर किती वर्षें जातो? म्हणाला, "चाळीस वर्षं. अजून निघताना आधी पाण्याकडे बघतो."

आमचा एक भ्रमही तेथें गेला. हा खेळ म्हणजे श्रीमंत रिकामटेकड्यांचा जिवावरचा खेळ, असें पुष्कळांस वाटतें. पण हवाईचे ड्यूक काहानामोकू, ज्यांनीं १९१२ आणि १९२० या दोन्ही ऑलिंपिकमध्यें शंभर मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें आणि या खेळाची कीर्ति जगभर नेली, त्यांनीं १९२५ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उलटलेल्या नौकेवरील आठ माणसांचे प्राण आपल्या फळीवरून जाऊन वांचविले. जगांतील सर्वोत्तम पोहणाराही मदतीस निघाला तो नुसत्या हातांनीं नव्हे, तर तरंगणारी फळी घेऊन, हें त्यांतील घेण्याजोगें. आपल्याकडे एक बुडूं लागला कीं त्याच्यामागें भाऊ, त्याच्यामागें बाप उडी टाकतो, आणि एकाच घरांतील दोघे-तिघे जातात. बुडणाऱ्याकडे प्रथम दोर, रिकामा डबा, मोटारीचें फुगविलेलें रबर, जें तरंगेल तें फेकावें. जीवरक्षकास हांक मारावी. ११२ या क्रमांकास फोन करावा. बाहेर काढलेल्या माणसास पालथा घालून पोट दाबणें अगर पाय धरून फिरविणें या जुन्या रीति सोडून द्याव्या. त्याचा श्वास बंद असेल तर तोंडानें श्वास द्यावे व छातीच्या मध्यभागीं जोरानें दाब द्यावेत, तीस दाबांमागें दोन श्वास, वैद्यकीय मदत येईपर्यंत. हें शिकविण्याचे वर्ग ठिकठिकाणीं होतात. घरांतील एकानें तरी तें शिकून घ्यावें.

गांवीं परतल्यावर आम्ही प्रथम त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. आई आतां फार थकली आहे. आम्हीं तिला पाटीवर चित्र काढून सारें समजावून सांगितलें : वाळूचा बांध, परतणारें पाणी, त्याचा वेग. म्हटलें, "बाई, तुमचा मुलगा पोहण्यांत कमी पडला नाहीं. ज्या पाण्यांत तो सांपडला त्याच्या उलट जगांतला कोणीही पोहूं शकत नाहीं. त्याला तें पाणी कोणीं दाखवून दिलें नव्हतें, इतकेंच." ती बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे सगळ्या पोराईले सांगा, गुरुजी." हा लेख लिहिण्यास तें एक कारण झालें.

तेव्हां समुद्रावर जाणाऱ्या आमच्या वऱ्हाडकर कुटुंबांसाठीं चार गोष्टी येथें नमूद करतों.

पंचांग आपल्या घरीं असतेंच. कोकणांत भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी कीं तिथीची पाऊणपट करावी. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा, या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळानें पूर्ण ओहोटी, आणि सुमारें साडेबारा तासांनीं पुन्हा भरती. ही मोजणी ठोकळ आहे. ठिकाणाप्रमाणें तासभर इकडेतिकडे होतें, म्हणून स्थानिक कोळ्यास विचारून खात्री करावी. उलटी ओढ पुष्कळ ठिकाणीं ओहोटीच्या वेळीं अधिक जोर धरते, म्हणून पाणी उतरत असतां आंत जाऊं नये. संस्कृतांत 'वेला' शब्दाचे अर्थ तीन : काळ, किनारा आणि भरती. समुद्रावर जाणाऱ्यास जें कळावयास हवें तें या एका शब्दांत आलें. परंतु मुरूडची अष्टमी विसरूं नये. तिथि अनुकूल असली तरी पाण्याकडे पाहणें सुटत नाहीं.

पावसाळ्यांत समुद्रांत पाय घालूं नये. ज्यांचा उदरनिर्वाह समुद्रावर आहे ते कोळीसुद्धां नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून नौका बाहेर काढीत नसत. मग दोन दिवसांच्या पाहुण्यानें घाई कां करावी? गोव्यांत २००८ पासून शासनाच्या वतीनें जीवरक्षक नेमलेले आहेत. तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मधली जागा पोहण्यासाठीं. केवळ तांबडें निशाण असेल तेथें उतरूं नये. जेथें जीवरक्षक नाहीं तेथें गुडघ्यापुढें जाऊं नये.

बायकांनीं एक ध्यानांत ठेवावें कीं भिजलेलें लुगडें पायांस गुंडाळतें आणि चालूं देत नाहीं. शिवाय वाळू पायांखालून सरकत असते. फोटो काढण्याकरितां समुद्राकडे पाठ करून उभें राहण्याची जी नवी रीत पडली आहे ती तर अगदींच वाईट. लहान मुलांस हाताच्या अंतरावर ठेवावें, कारण बुडणारें मूल ओरडत नाहीं. त्याला श्वासच पुरत नसतो, तेथें आवाज कोठून येणार?

आमच्या नातवास परवानगी मिळाली. अटी चार : शिकविणाऱ्यावांचून पाण्यांत जावयाचें नाहीं, पावसाळ्यांत फळीस हात लावावयाचा नाहीं, दोरी बांधल्याखेरीज उतरावयाचें नाहीं, आणि दर वेळीं आधीं वीस मिनिटें पुळणीवर बसावयाचें. सूनबाईंनीं पांचवी घातली कीं बाहेर आल्याबरोबर घरीं कळवावयाचें. दर रविवारीं सकाळीं दहाच्या सुमारास घरांत सर्वांचें लक्ष फोनकडे असतें, आणि 'आलो' एवढा निरोप येईपर्यंत सूनबाईंचा हात कामास लागत नाहीं. हें असेंच चालावयाचें. मुलांनीं जगांत जावें आणि मागच्यांनीं काळजी करावी, यास उपाय नाहीं. परंतु पुढच्यांस पाणी दाखवून देणें, एवढें तरी वडील माणसांच्या हातीं आहे. येत्या सुटींत जीं कुटुंबें समुद्राकडे निघतील त्यांनीं मुलांस पाण्यांत सोडण्यापूर्वीं आपल्याजवळ बसवावें आणि लाट कोठें फुटत नाहीं तें त्यांच्याकडून ओळखून घ्यावें.